तत्त्वचिंतक नायक आणि करड्याचे शेतकरी



आधुनिक फ्रेंच कादंबरीतील तत्त्वचिंतक नायकांचा अभ्यास शिरूर-दौंडच्या वाचनालयांतून करायचा म्हटले, की पहिला आक्षेप ठरलेला असतो. पॅरिसमधल्या बुद्धिमंतांना पडलेल्या प्रश्नांशी घोडनदीच्या आणि भीमेच्या काठच्या माणसाचा संबंध काय? आक्षेप अगदीच निराधार नाही. परंतु त्याचे उत्तर पुस्तके मिटून मिळणार नाही. ती आपल्या प्रश्नांसह उघडूनच मिळेल.

ज्याँ-पॉल सार्त्र यांची 'ला नोझे' ही कादंबरी १९३८ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक रोकांतँ एका बंदराच्या गावात राहून अठराव्या शतकातल्या एका उमरावाचे चरित्र लिहीत असतो. एके दिवशी बागेतल्या झाडाचे मूळ पाहता पाहता त्याला जाणवते, की वस्तूंच्या आणि माणसांच्या असण्याला मुळी कारणच नाही. या अनुभवाची तीव्रता कोणीही नाकारू नये. मात्र अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने एक साधा प्रश्न विचारलाच पाहिजे. या गृहस्थाचे घर कशावर चालते? उत्तर कादंबरीतच आहे. तो आपल्या भांडवलाच्या उत्पन्नावर जगतो. त्याला मालक नाही, कर्ज नाही, कोणाचे पोट भरायचे नाही. त्याच्या एकाकीपणाला एक आर्थिक पाया आहे.

आल्बेर कामू यांच्या १९४२ सालच्या 'लेत्राँजे'चा नायक मर्सो मात्र नोकरदार आहे. अल्जिअर्सच्या एका कचेरीतला कारकून. न वाटणारे दुःख दाखवायला तो नकार देतो आणि आईच्या अंत्यविधीला रडला नाही हीच गोष्ट न्यायालयात त्याच्यावर उलटते. समाजाच्या ढोंगावर याहून नेमका प्रहार क्वचितच झाला असेल. तरीही ज्याच्या खुनाबद्दल हा खटला चालतो, त्या अरबाला संपूर्ण कादंबरीत नाव नाही. अल्जीरिया १९६२ साली स्वतंत्र झाला. आणि २०१३ साली कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने स्वतंत्र कादंबरी लिहून त्या मृताला नाव दिले, घर दिले, भाऊ दिला. नायकाच्या चिंतनाला अवकाश मिळावा म्हणून कोणाला निनावी राहावे लागते, हा वाचनातला दुसरा प्रश्न होय.

मराठीत या चर्चेचा मुक्काम अपरिहार्यपणे भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'पाशी होतो. १९६३ सालची ही कादंबरी. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खेड्यातून पुण्यास शिकायला येतो आणि रित्या हाताने परततो. त्याला फ्रेंच नायकांचा धाकटा भाऊ ठरवण्याची घाई पुष्कळांनी केली. पण त्याच्या रितेपणाच्या पाठीशी बापाचा पैसा आहे, शेतीतून आलेला. आणि त्या पैशाचा हिशेब घरात सतत चालू आहे. रोकांतँला न भेडसावणारा हा हिशेबच पांडुरंगाला आपल्या मातीतला करतो.

आता दुसरी परंपरा पाहू. आंद्रे मालरो यांच्या १९३३ सालच्या 'ला काँदिस्याँ युमेन'मध्ये १९२७ चा शांघायमधील उठाव आहे. त्यात पकडला गेलेला कातोव्ह आपल्याजवळचे विष दोन भेदरलेल्या सोबत्यांना देऊन टाकतो आणि स्वतः भयंकर मरणाला सामोरा जातो. कामू यांच्या १९४७ सालच्या 'ला पेस्त'मध्ये ओराँ शहरात प्लेग येतो. डॉक्टर रिये विश्वाला अर्थ आहे की नाही याचा निकाल लागण्याची वाट पाहत नाही. तो रोग्यांकडे जातो. पुणे जिल्ह्याला हे कळायला फ्रेंच शिकावे लागत नाही. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करता करता त्याच रोगाने गेल्या. ती निष्ठा सत्यशोधक विचारातून आली होती. म्हणजे तीही तत्त्वचिंतनातूनच आली होती.

आणि याच भूमीत एक बंड झाले, ज्याला एकटा नायक नव्हताच. अमेरिकेतील यादवी युद्ध १८६५ मध्ये संपल्यावर कापसाचे भाव कोसळले. इकडे सरकारने शेतसारा वाढवला. शेतकरी सावकाराच्या वहीत अडकला. डिसेंबर १८७४ मध्ये शिरूर तालुक्यातील करडे गावाने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांची शेते कोणी कसेना, न्हावी-परीट काम करीनात. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे उठाव झाला. दौंडचा परिसरही तेव्हा भीमथडीतच मोडे. उठावकऱ्यांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता. कर्जरोखे, खते, वह्या मागायच्या आणि जाळायच्या. आपले दुःख नशिबात नसून दस्तऐवजात आहे, हे त्या निरक्षर माणसांना उमगले होते. रोष परप्रांतीय सावकारांवर अधिक वळला, सरकारी साऱ्यावर कमी, ही त्याची मर्यादाही नोंदवली पाहिजे. परंतु १८७९ चा डेक्कन शेतकरी कायदा सरकारला करावा लागला, तो या बंडानंतरच.

हे आज सांगण्याचे कारण आहे. रांजणगाव आणि कुरकुंभच्या कारखान्यांत कंत्राटावर राबणारा, किंवा पुण्यात खोली घेऊन वर्षानुवर्षे स्पर्धा परीक्षा देणारा तरुण जेव्हा 'सारेच निरर्थक' म्हणतो, तेव्हा त्याला मर्सो जवळचा वाटणे स्वाभाविक आहे. पण कंत्राटाची मुदत विश्वरचनेने ठरवलेली नसते. ती कोणीतरी कागदावर लिहिलेली असते. आणि जे माणसाने लिहिले ते माणसाला बदलता येते. बेकारीला विश्वाची निरर्थकता मानणे ही तत्त्वज्ञानाची चूक आहे, आणि सत्ताधाऱ्यांची सोय.

याचा अर्थ चळवळीने या नायकांना हद्दपार करावे असा मुळीच नाही. १९५१ साली कामू यांनी 'लोम रेव्होल्ते' लिहून, इतिहासाच्या नावाखाली चाललेल्या हत्यांना समर्थन नाकारले. १९५२ साली सार्त्र आणि ते कायमचे दुरावले. उद्याच्या स्वर्गासाठी आजच्या छावण्यांकडे डोळेझाक करणाऱ्या डाव्यांना तो प्रश्न बोचला, कारण तो खरा होता. लोकशाही समाजवाद्याला मर्सोकडून एक गोष्ट शिकण्याजोगी आहे: सभेला, पक्षाला, नेत्याला बरे वाटावे म्हणून खोटे न बोलणे. ज्या संघटनेत असे म्हणणारा एकही उरत नाही, ती करड्याचा बहिष्कार पुन्हा उभारू शकणार नाही.

तेव्हा ही पुस्तके वाचावीत, आणि वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. नायकाच्या फुरसतीची किंमत कोण मोजतो? त्याच्या गोष्टीत निनावी कोण राहतो? आणि त्याचा 'नाही' इतरांच्या 'नाही'ला जाऊन मिळतो का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात न सापडले, तर ते शोधण्याचे काम वाचकांकडे येते. करडे आणि सुपे इथून दूर नाहीत.