ऑनलाइन विक्रीतील अन्यायकारक शेरे : शेतकरी विक्रेत्याने काय करावे?

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पूर्वी आपला माल अडत्याकडे जात असे. माल कोणी खाल्ला आणि त्याला तो आवडला की नाही, हे आपल्याला कधी कळत नसे. आता आंबा, गूळ, मध, बेदाणा, हळद असा माल अनेक शेतकरी आणि महिला बचत गट मोबाईलवरून थेट ग्राहकाला विकतात. मधली साखळी कमी झाली, दोन पैसे जास्त मिळू लागले. त्याचबरोबर एक नवी गोष्ट आली. ग्राहक आपल्या मालाला तारे देतो, खाली चार ओळींचा शेरा लिहितो आणि तो शेरा पुढचा प्रत्येक ग्राहक वाचतो.

शेरा खरा असेल तर त्यातून शिकता येते. पण माल चोख असताना कोणी ‘भेसळ आहे, फसवणूक आहे’ असे लिहिले, तर काय करावे? हापूसचा मुख्य हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. एप्रिलच्या सुरुवातीला आलेल्या अशा एका शेऱ्याने पुढच्या पेट्यांची मागणी अडू शकते. म्हणून या विषयाकडे पीक संरक्षणासारखे पाहावे. आधी निदान, मग उपाय.

१. शेऱ्याचे निदान

शेरा वाचल्याबरोबर उत्तर लिहू नये. आधी तो कोणत्या प्रकारचा आहे ते ठरवावे. साधारण चार प्रकार आढळतात.

(अ) चूक खरोखर आपली आहे. वजन कमी भरले, डाग असलेले फळ गेले. असा शेरा कडू लागला तरी अन्यायकारक नाही. तो मान्य करून भरपाई द्यावी.

(ब) मालात दोष नाही, पण मालाचा नैसर्गिक गुणधर्म ग्राहकाला माहीत नाही.

(क) दोष वाहतुकीचा आहे. खोके आपटले, पार्सल उशिरा पोचले.

(ड) शेरा खोटा किंवा हेतुपुरस्सर आहे. लिहिणाऱ्याने आपल्याकडून माल घेतलेलाच नाही, किंवा दुसऱ्याच विक्रेत्याचा राग चुकून आपल्या नावावर काढला आहे.

प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे. (ब) प्रकारचा शेरा (ड) समजून ग्राहकाशी भांडण करणे, ही सर्वांत महागात पडणारी गोष्ट होय.

२. मालाच्या गुणधर्मामुळे येणारे शेरे

मध : ‘बाटलीच्या तळाशी साखर साठली आहे, मध भेसळीचा आहे,’ ही नेहमीची तक्रार. वास्तविक शुद्ध मधही गोठतो. मधातील ग्लुकोजचे स्फटिक होतात, त्यामुळे तो रवाळ दिसतो. मोहरी, सूर्यफूल यांच्या फुलोऱ्यातील मध लवकर गोठतो. साधारण १४ अंश सेल्सिअसच्या आसपास ही क्रिया सर्वांत जलद होते, म्हणून मध फ्रीजमध्ये ठेवू नये. बाटली सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात ठेवली की मध पुन्हा पातळ होतो. थेट विस्तवावर तापवू नये. कागद जाळून किंवा पाण्यात थेंब टाकून केलेल्या घरगुती परीक्षांवरून शुद्धता ठरत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतील तपासणी लागते. ही माहिती बाटलीसोबत छापील चिठ्ठीवर दिली, तर तक्रार लिहिली जाण्यापूर्वीच तिचे निरसन होते.

हापूस : येथे तीन तक्रारी येतात. पहिली, ‘कच्चा आंबा पाठवला.’ आपण तयार पण हिरवा आंबा उतरवतो आणि तो अढीत पिकण्यास काही दिवस लागतात, हे शहरातील ग्राहकाला ठाऊक नसते. पेंढ्यात ठेवावा, उलटापालट करावी, पिकण्याआधी फ्रीजमध्ये ठेवू नये, अशा सूचना पेटीतच द्याव्यात. दुसरी, ‘कार्बाइडने पिकवला.’ कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा मर्यादित वापर मात्र मान्य आहे. आपण कोणती पद्धत वापरतो ते आधीच स्पष्ट लिहावे.

तिसरी तक्रार साक्याची. फळ बाहेरून निर्दोष आणि कापल्यावर आत पांढरट, आंबट, स्पंजासारखा गर. ग्राहक लिहितो, ‘सडका आंबा दिला.’ ही सड नव्हे, ही हापूसमधील शारीरिक विकृती आहे आणि बाहेरून पाहून ती ओळखता येत नाही. योग्य पक्वतेला काढणी करणे आणि काढलेली फळे उन्हात किंवा तापलेल्या जमिनीवर न ठेवता लगेच सावलीत नेणे, यामुळे तिचे प्रमाण कमी राखता येते. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेल्या रत्ना आणि सिंधू या संकरित जाती साकाविरहित आहेत, परंतु हापूस मागणाऱ्याला हापूसच द्यावा लागतो. तेव्हा विक्रीच्या पानावर सरळ लिहावे : ‘हापूसमध्ये क्वचित साका निघतो. कापलेल्या फळाचे छायाचित्र पाठवा, त्या फळाची किंमत परत मिळेल.’ डझनात एखाद्या फळाचे पैसे परत गेले तरी नाव राखले जाते.

गूळ : ‘गूळ काळपट आहे, जुना माल दिला.’ बाजारातील पिवळाधमक गूळ पाहून ग्राहकाची नजर तशी तयार झाली आहे. हायड्रॉस पावडर न वापरता, भेंडीच्या चिकट रसाने मळी काढून केलेल्या गुळाचा रंग तपकिरी असू शकतो. शिवाय पावसाळ्यात गूळ हवेतील ओलावा शोषतो आणि त्याचा रंग गडद होतो. म्हणून विक्रीच्या पानावर खऱ्या रंगाचे छायाचित्र द्यावे, प्रकाश वाढवून उजळ केलेले नको. प्रमाणपत्र नसताना ‘सेंद्रिय’ हा शब्दही वापरू नये. त्या एका शब्दावरून आलेला शेरा मग अन्यायकारक राहत नाही.

३. पुरावा आधी, वाद नंतर

आपला शब्द विरुद्ध ग्राहकाचा शब्द अशी वेळ आली, तर कागद असेल त्याचे ऐकले जाते. यासाठी पुढील सवयी लावून घ्याव्यात.

• प्रत्येक खेपेला बॅच क्रमांक द्यावा आणि काढणीची व पॅकिंगची तारीख वहीत नोंदवावी.

• वजनकाटा वैधमापनशास्त्र यंत्रणेकडून पडताळून, मुद्रांकित करून घ्यावा. काट्यावरचा आकडा दिसेल असे खोक्याचे छायाचित्र घ्यावे. ताज्या फळांचे वजन प्रवासात पाणी उडून घटते, म्हणून थोडे जास्त भरावे.

• मध, हळद, गूळ यांच्या बॅचचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून अहवाल जपून ठेवावा.

• खोके बंद करण्यापूर्वी मोबाईलवर अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण करावे. कुरिअरची पावती जोडून ठेवावी.

४. उत्तर कसे लिहावे?

उत्तर त्या एका ग्राहकासाठी नसते, ते पुढे वाचणाऱ्या शेकडो जणांसाठी असते. त्या वाचणाऱ्याला आपला राग दिसू नये, आपला व्यवहार दिसावा. शक्य तर आधी ग्राहकाला फोन करावा किंवा खासगी निरोप पाठवावा. बरेच लोक समाधान झाल्यावर स्वतःहून शेरा बदलतात. मात्र ‘शेरा काढा, मग पैसे देतो’ अशी अट कधीही घालू नये. भरपाई वेगळी, शेरा वेगळा.

जाहीर उत्तर चार-पाच ओळींचे असावे. नमुना असा :

‘नमस्कार. आपल्याला त्रास झाला याचे वाईट वाटते. बाटलीत दिसणारा रवाळ भाग म्हणजे मधातील ग्लुकोजचे स्फटिक आहेत. बाटली कोमट पाण्यात ठेवल्यास मध पूर्ववत होईल. या बॅचचा तपासणी अहवाल आपल्याला पाठवत आहोत. तरीही समाधान झाले नाही तर बाटली परत घेऊन पूर्ण रक्कम देऊ.’

उत्तरात ग्राहकाचे पूर्ण नाव, पत्ता किंवा फोन नंबर उघड करू नये. ‘तुम्हाला मधातले काय कळते’ अशी भाषा तर टाळावीच. रात्री राग आला असेल तर उत्तर सकाळी लिहावे. पण एक-दोन दिवसांपेक्षा उशीर करू नये.

५. दाद कोठे मागावी?

खोटा शेरा काढण्याचा अधिकार आपल्याला नसतो, तो संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीला असतो. केवळ ‘शेरा वाईट आहे’ म्हणून कोणी तो काढत नाही. तो नियमात बसत नाही हे दाखवावे लागते. शिवीगाळ, धमकी, विषयाशी संबंध नसलेला मजकूर, प्रत्यक्ष अनुभव नसताना लिहिलेला किंवा प्रतिस्पर्ध्याने लिहिलेला शेरा, ही कारणे गुगलच्या धोरणातही आहेत. ॲमेझॉनवर विक्रेत्याबद्दलचा अभिप्राय आणि मालाबद्दलचा शेरा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विक्रेत्याच्या जागी केवळ मालाबद्दल लिहिले असेल, किंवा पोचवणी कंपनीनेच केली असताना उशिराचा दोष आपल्या माथी मारला असेल, तर तसे दाखवून अर्ज करता येतो. अर्जात कारण एका वाक्यात, पुरावा सोबत आणि ऑर्डर क्रमांक द्यावा. पल्लेदार तक्रार लिहू नये.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत देऊन एक महिन्यात निवारण करायचे असते. अशा कंपनीमार्फत माल विकणाऱ्या विक्रेत्यावरही हेच बंधन आहे, हे आपण लक्षात ठेवावे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ मध्ये ऑनलाइन शेऱ्यांसंबंधी ‘आयएस १९०००’ हे मानक प्रसिद्ध केले आहे. शेरे कसे गोळा करावेत, तपासावेत आणि छापावेत याची तत्त्वे त्यात दिली आहेत.

६. हे करू नये

एक वाईट शेरा बुजवण्यासाठी मेहुण्याच्या, पुतण्याच्या मोबाईलवरून पाच चांगले शेरे टाकण्याचा मोह होतो. वर सांगितलेल्या २०२० च्या नियमांनुसार, विक्रेत्याने ग्राहक असल्याचे भासवून शेरा लिहिण्यास मनाई आहे. पैसे देऊन शेरे विकत घेणे हाही त्यातलाच प्रकार. पकडले गेल्यास खाते बंद होऊ शकते आणि मग खरे शेरेही हातचे जातात. शिवाय आपण खोटे शेरे लिहिले, तर दुसऱ्याच्या खोट्या शेऱ्याविरुद्ध कोणत्या तोंडाने बोलणार?

याच नियमांप्रमाणे माल सदोष निघाला किंवा जाहिरातीप्रमाणे नसला, तर परत घेण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. ठरल्या मुदतीनंतर पोचलेल्या मालालाही हे लागू आहे. अपवाद फक्त आपल्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. म्हणून पोचवणीची तारीख सांगताना दोन दिवस हातचे ठेवावेत.

७. संख्येचे बळ

आता थोडा हिशेब करू. दहा शेऱ्यांपैकी नऊ जणांनी पाच तारे दिले आणि एकाने एक तारा दिला, तर सरासरी ४.६ येते. शंभरांपैकी नव्व्याण्णव जणांनी पाच आणि एकाने एक तारा दिला, तर ती ४.९६ येते. वाईट शेरा तोच, पण त्याचे वजन कमी झाले. समाधानी ग्राहक सहसा गप्प राहतो, रागावलेला लिहितो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये ‘माल कसा वाटला ते अवश्य लिहा’ अशी चिठ्ठी घालावी. ती सर्वांना द्यावी, निवडक ग्राहकांना नव्हे. तिच्याबरोबर सवलतीचे आमिषही दाखवू नये.

बंधू-भगिनींनो, आपल्या कष्टाच्या मालाला कोणी खोटे म्हटले की जिव्हारी लागते, हे स्वाभाविक आहे. पण ज्या शेतकऱ्याजवळ नोंदवही आहे, तपासणीचा अहवाल आहे आणि उत्तर देण्याचा संयम आहे, त्याचे नाव एका शेऱ्याने पुसले जात नाही. येत्या हंगामाची पहिली पेटी भरण्यापूर्वी माहितीची चिठ्ठी छापून घ्या आणि बॅचची वही सुरू करा, एवढीच विनंती.