हाड मोडण्यापूर्वीचा हिशेब

(वार्षिक सर्वसाधारण सभेत रुग्णालयाच्या प्रशासकांनी केलेले भाषण)



अहवालवर्षाचा जमाखर्च आपणांपुढे आहेच. त्यात न दिसणाऱ्या एका तुटीविषयी आज आम्ही बोलणार आहोत.

भोर-वेल्ह्याच्या डोंगरी गावांत, ऐन लावणीच्या दिवसांत, भातखाचराच्या बांधावरून पाय घसरतो आणि आजीचे मनगट मोडते. ती आमच्याकडे येते, प्लास्टर होते, हाड सांधते. पुढे दोन-तीन वर्षांनी तीच आजी घरातल्या घरात पडते आणि खुबा मोडून पुन्हा दाखल होते. पहिल्या वेळी आम्ही हाड जोडले. एवढ्याशा पडण्याने ते का मोडले, हे विचारले नाही. ही उणीव आमचीच होय.

हाड किती भार पेलते, हा प्रश्न डॉक्टरांइतकाच अभियंत्यांचाही आहे. १८६६ च्या सुमारास झुरिच येथे कार्ल कुलमन या अभियंत्यांनी मांडीच्या हाडाचा उभा छेद पाहिला. यारीच्या वाकड्या बाहूत भार ज्या रेषांनी वाहतो, तशाच रेषांत खुब्याजवळचे जाळीदार हाड रचलेले त्यांना दिसले. पडणाऱ्या भारानुसार हाड आपली घडण बदलते, हा सिद्धान्त युलियस वोल्फ यांनी १८९२ साली ग्रंथरूपाने मांडला. हाडातही जुने झिजण्याचा व नवे भरण्याचा जमाखर्च सतत चालतो. उतारवयात, विशेषतः स्त्रियांची पाळी गेल्यावर, खर्च जमेहून वाढतो.

ही शिल्लक डेक्सा तपासणीने मोजता येते. परंतु घनता म्हणजे संपूर्ण बळकटी नव्हे. म्हणून संशोधक सीटी स्कॅनवरून हाडाची संगणकीय प्रतिकृती करतात, तिचे असंख्य सूक्ष्म भाग पाडतात आणि ती कोठे मोडेल याचे गणित मांडतात. २००८ साली शेफील्ड विद्यापीठाने प्रसिद्ध केलेली फ्रॅक्स पद्धती वय, वजन, पूर्वीचे फ्रॅक्चर इत्यादींवरून पुढील दहा वर्षांतील धोका सांगते. डेक्सा नसली तरी ती वापरता येते.

उपचारही आहेत. खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रॉनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत नवी फ्रॅक्चर सुमारे ३५ टक्क्यांनी व मृत्यू २८ टक्क्यांनी घटल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. अर्थात मूत्रपिंडाची तपासणी आणि ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियमची पूर्तता आधी हवी. डोंगरातून दर महिन्यास येणे ज्यांना शक्य नाही, त्यांना वर्षातून एकदाची ही फेरी परवडणारी आहे.

भाटघरच्या धरणाने किती पाणी पेलावे, याचे गणित अभियंत्यांनी भिंत उभी राहण्यापूर्वी मांडले. हाडाचे गणित मात्र आपण ते मोडल्यावरही मांडत नाही. यापुढे किरकोळ पडण्याने हाड मोडलेल्या पन्नाशीवरील प्रत्येक रुग्णाची स्वतंत्र नोंद ठेवून, त्याच्या हाडांची तपासणी व पाठपुरावा करण्याचा आमचा संकल्प आहे. गरजू रुग्णांच्या तपासणीसाठी आपल्या देणगीचा आधार हवा. नातेवाईकांस विनंती एवढीच, की खुबा दुखावलेल्या माणसास घरी निजवून ठेवू नये, त्याच दिवशी आणावे. शस्त्रक्रिया जितकी लवकर, तितकी माणूस पुन्हा उभा राहण्याची आशा अधिक.