मऊ दगडांचं पॉलिश



गुजरातमधलं खंभात हे अकिकाच्या मण्यांचं फार जुनं गाव. नर्मदेच्या खोऱ्यातल्या रतनपूरच्या खाणींमधून अकीक तिथे येतो, भाजला जातो, फोडला जातो, घासला जातो आणि त्याचे मणी होतात. वीज येण्याआधी या मण्यांना शेवटची झळाळी देण्याची रीत पाहण्यासारखी होती. मणी, कुरुंदाची पूड आणि थोडं पाणी चामड्याच्या पिशवीत भरायचं आणि पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं. पिशवीभोवती चामड्याची वादी घालून तिची दोन टोकं दोन माणसांनी धरायची आणि पिशवी मागे-पुढे लोळवत राहायची. दहा-पंधरा दिवस हे काम चाले. मणी मण्यावर घासे, मध्ये कुरुंदाची पूड, आणि हळूहळू त्यातून आरशासारखा गुळगुळीत अकीक बाहेर येई.

आज हौशी लोक घरी जो टम्बलर वापरतात, तो त्या पिशवीचाच वारसदार आहे. रबराचा डबा, खाली दोन फिरते रूळ आणि एक लहानशी मोटर. कुरुंदाच्या जागी बहुतेक वेळा सिलिकॉन कार्बाइडची पूड असते. एडवर्ड अ‍ॅचेसन हा अमेरिकन माणूस 1891 मध्ये विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करायला गेला, तेव्हा हे काळंनिळं, चमकतं द्रव्य त्याच्या हाती लागलं. आपण त्याला कार्बोरंडम म्हणतो. धार लावणाऱ्याच्या चाकात आणि फरशी घासणाऱ्या यंत्राच्या बट्टीत बऱ्याचदा तेच असतं.

पण टम्बलरबरोबर येणारं माहितीपत्रक अकिकासारख्या कडक दगडांसाठी लिहिलेलं असतं. भरड पुडीत एक आठवडा, मध्यम पुडीत एक आठवडा, मग बारीक, मग पॉलिश, असं महिनाभराचं वेळापत्रक. त्याच वेळापत्रकात कोणी फ्लोराइट किंवा कॅल्साइट घातलं, तर पहिल्याच आठवड्याच्या शेवटी डब्यात बराचसा गाळ आणि थोडे बोथट, पांढुरके खडे उरतात. आज मला बोलायचं आहे ते याच मऊ दगडांविषयी. माझं म्हणणं असं, की मऊ दगडाला यंत्र कमी आणि हात जास्त लागतो, आणि दगडाची नीट ओळख करून घेतल्याशिवाय त्याला डब्यात टाकूच नये.

ही ओळख करायची कशी? फ्रेडरिक मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानं 1812 मध्ये कठीणपणाची एक उतरंड मांडली, ती अजून वापरात आहे. सर्वांत खाली शंखजिरे, त्याचा क्रमांक 1. जिप्सम 2, कॅल्साइट 3, फ्लोराइट 4, अ‍ॅपेटाइट 5, ऑर्थोक्लेज 6, गारगोटी 7, पुष्कराज 8, कुरुंद 9 आणि हिरा 10. वरचा दगड खालच्यावर ओरखडा काढतो, एवढाच त्याचा अर्थ. हे क्रमांक म्हणजे सारख्या अंतराच्या पायऱ्या नव्हेत. कुरुंद आणि हिरा यांच्यात एकाच क्रमांकाचा फरक दिसतो, पण प्रत्यक्षात हिरा कुरुंदाच्या कितीतरी पट कठीण आहे.

घरात यासाठी तीन साधनं पुरतात. आपलं नख साधारण अडीचचं. तांब्याच्या तारेचा तुकडा तीनच्या आसपासचा. आपली हल्लीची बरीच नाणी पोलादाची असतात, म्हणून नाणं घेऊ नका, तारच घ्या. आणि पोलादी चाकूचं टोक, साधारण साडेपाचचं. दगडाच्या मागच्या, न दिसणाऱ्या बाजूला हलकेच ओढून पाहा. मग त्या रेघेवरून ओलं बोट फिरवा. रेघ पुसली गेली तर ती धातूची खूण होती, दगडाला काही झालेलं नाही. राहिली तर ओरखडा खरा. चाकूनं ओरखडा पडणारा प्रत्येक दगड आजच्या विषयात मोडतो: कॅल्साइट, संगमरवर, फ्लोराइट, मॅलाकाइट. लाजवर्द आणि पिरोजा काठावरचे. नवरत्नांपैकी मोती आणि पोवळं हेही या मऊ मंडळींतलेच. त्यांना टम्बलरमध्ये कधीही घालू नका.

कठीणपणाइतकीच दुसरी गोष्ट महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचं लक्ष जातं. दगड कुठून फुटतो? फ्लोराइटचा एखादा जांभळा खडा भिंगाखाली धरा. आत खोलवर आरशाच्या काचेसारख्या सपाट, चकाकत्या पातळ्या दिसतील, कधी त्यांच्यावर इंद्रधनुष्यी रंगही दिसेल. खडा ज्या ठरलेल्या दिशांनी सहज दुभंगतो, त्या या दिशा. खनिजशास्त्रात याला पाटन म्हणतात. फ्लोराइटला अशा चार दिशा असतात, म्हणूनच त्याचे फुटून आठ बाजूंचे सुबक तुकडे होतात. कॅल्साइटला तीन दिशा असतात, आणि त्याचा प्रत्येक तुकडा तिरक्या पेटीसारखा निघतो. असा दगड फिरत्या डब्यात दुसऱ्या दगडावर आदळला की आतल्या पातळ्या उकलतात आणि बाहेरून कितीही घासलं तरी आतून तो धूसर दिसत राहतो. संगमरवरही कॅल्साइटचाच, पण त्याचे बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात, म्हणून तो बराच मार सोसतो. नवशिक्यानं कॅल्साइटच्या स्फटिकाऐवजी संगमरवर घ्यावा, तो यासाठी.

आता टम्बलर वापरायचाच असेल तर कसा वापरायचा ते सांगतो. एका वेळी एकाच जातीचे दगड. मऊ दगडांत अकिकाचा एक खडा जरी गेला, तरी तो बाकीच्यांची दैना करतो. डबा दोनतृतीयांशाहून थोडा जास्त भरा. डबा कमी भरला तर दगड वर जाऊन खाली आपटतात. फार भरला तर हलतच नाहीत. सुपात धान्य घोळवताना ते जसं एका कडेनं घरंगळत खाली येतं, तसे दगड घरंगळायला हवेत. कान देऊन ऐका: सलग, दबका खळखळाट हवा, ठोके नकोत. लहान-मोठे खडे मिसळलेले असले की मोकळ्या जागा भरतात आणि मार कमी बसतो. जागा उरलीच तर प्लॅस्टिकचे दाणे घाला. कडक दगडांबरोबर वापरतात त्या सिरॅमिकच्या गोळ्या मऊ दगडांना नकोत. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली राहील इतकंच घाला, आणि किलोभर दगडांना दोन मोठे चमचे पूड.

भरड पूड मात्र वगळा. पुडीचा आकडा जितका मोठा, तितकी ती बारीक. अकीक 60 किंवा 80 पासून सुरू करतात. मऊ दगड थेट 220 किंवा 400 पासून सुरू करावा. रोज झाकण उघडून पाहा. रोज उघडण्याचं आणखी एक कारण आहे: काही दगडांमुळे बंद डब्यात वायू साठतो आणि झाकणावर दाब येतो. कडा गोल झाल्या, खोल चरे गेले, की पुढच्या पुडीकडे जायचं, मग ते दोन दिवसांतच झालं तरी. शेवटच्या पॉलिशसाठी अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइडची अतिबारीक पूड लागते. या टप्प्याला शक्य असेल तर वेगळा डबाच ठेवा. भरड पुडीचा एक कण जरी झाकणाच्या खाचेत राहून गेला, तरी तो आठवडाभराचं काम ओरखड्यांनी भरून टाकतो. दोन टप्प्यांच्या मध्ये दगड, डबा, झाकण, सगळं जुन्या दात घासायच्या ब्रशनं धुऊन काढा. आणि ते पाणी मोरीत ओतू नका. गाळ पाइपमध्ये बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत खाली बसू द्या, वरचं पाणी निथळा आणि चिखल ओलसर असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

मला स्वतःला मात्र मऊ दगड हातानं घासणंच अधिक पटतं. गाडीला रंग मारणारे जो काळा वॉटर पेपर वापरतात, तो कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. 220, 400, 600, 1000, 1500 आणि 2000 नंबरचे कागद आणा. सपाट बाजू करायची असेल तर कागद काचेवर ठेवा. गोलसर करायची असेल तर खाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा घ्या, म्हणजे कागद दगडाबरोबर वाकतो. कागद ओला ठेवा आणि दगड फिरवा. संगमरवराचं पाणी लगेच दुधासारखं पांढरं होतं. एका कागदावर एकाच दिशेनं घासा, पुढच्या कागदावर त्याला काटकोनात. आधीच्या कागदाचे आडवे ओरखडे पूर्ण गेले की हा कागद संपला, असं समजायचं. 400 चे चरे ठेवून कोणी 1000 वर गेलं, तर तेच चरे शेवटी चकाकत्या दगडावर रेघांसारखे उठून दिसतात.

यात ओला दगड आपल्याला फार फसवतो. पाण्याचा थर ओरखडे भरून काढतो आणि दगड झाला असं वाटतं. पुसून पूर्ण कोरडा करा आणि ट्यूबलाइटखाली तिरका धरा. ट्यूबची पांढरी पट्टी दगडात दिसेल. तिच्या कडा धुरकट असतील तर कागदाचं काम अजून बाकी आहे. 2000 नंतर पट्टीच्या कडा बऱ्याचशा स्पष्ट दिसू लागतात. मग जुन्या जीन्सच्या किंवा चामड्याच्या तुकड्यावर टिन ऑक्साइडची ओलसर पूड घेऊन घासा. बोट दगडावर ओढल्यावर थोडं अडतं, घसरत नाही, तेव्हा पॉलिश धरायला लागलं. संगमरवराच्या फरशीला शेवटचा हात देताना कारागीर ऑक्झॅलिक अ‍ॅसिडची पूड वापरतात. लहान खड्यालाही ती चालते, पण ती विषारी आहे. हातमोजे घाला, आणि लहान मुलं घरात असतील तर तिच्या वाटेला जाऊच नका.

काही दगडांच्या तऱ्हा निराळ्या. जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, म्हणून ते टम्बलरमध्ये दिवसचे दिवस भिजत ठेवायचं नाही. लाजवर्दात निळ्या भागाशेजारी मऊ कॅल्साइट आणि कडक पायराइटचे सोनेरी ठिपके असतात. घासताना कॅल्साइट खोल जातं आणि पायराइट वर राहतं, म्हणून पाठीमागे मऊ पॅड न घेता तो सपाट, कडक पाठीवर हलक्या हातानं घासावा. बाजारात पिरोजा म्हणून विकला जाणारा बराच माल रंगवलेल्या हॉवलाइटचा असतो. रंग वरच्या थरातच असतो, त्यामुळे दोन हात मारताच आतला पांढरा दगड उघडा पडतो. अंबर घर्षणाच्या उष्णतेनंच चिकट होतं. त्याला अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या बुरकुंड्यांच्या कोरड्या भुशात फिरवतात.

आणि काही दगड घासूच नयेत. आपली दख्खनची भूमी साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाची. त्या काळ्या दगडातल्या पोकळ्यांत खनिजं साठत गेली आणि पुणे, नाशिक, जळगाव, अहिल्यानगर या भागांतल्या खाणींत आणि विहिरी खोदताना त्यांचे स्फटिक सापडतात: अ‍ॅपोफिलाइट, स्टिल्बाइट, स्कोलेसाइट, आणि पुण्याजवळच्या वाघोलीचं निळंशार कॅव्हन्साइट. जगभरचे संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात जाऊन ते एकदा जरूर पाहा. अ‍ॅपोफिलाइटच्या माथ्यावरची ती पाण्यासारखी चमक कोणत्याही पॉलिशनं आलेली नाही, स्फटिक वाढतानाच आलेली आहे. टम्बलरमध्ये ती पहिल्या तासात जाते, आणि कॅव्हन्साइटच्या सुयांची तर निव्वळ पूड होते. असा स्फटिक हाती आला तर मऊ ब्रशनं माती झटका आणि कापसात ठेवा. गुळगुळीत खडे करायला दगड कमी नाहीत, असे स्फटिक कमी आहेत.

धुळीबद्दल बोललो नाही तर हे भाषण अपुरं राहील. ज्या खंभातपासून मी सुरुवात केली, तिथल्या अकीक कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार मोठ्या प्रमाणात आढळला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं त्याचा अभ्यास केला. चाकावर कोरडा अकीक धरला की सिलिकाची डोळ्यांना न दिसणारी धूळ उडते, श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाऊन बसते आणि तिथे व्रण करते. तो व्रण भरून येत नाही. हे काम घराघरांत चालतं, त्यामुळे धूळ चाकापाशी न बसलेल्या बायकामुलांनाही गाठते. आपल्या गळ्यातल्या स्वस्त माळेमागे कोणाचा तरी श्वास खर्च झालेला असतो. म्हणून घरी एकच नियम कडक पाळा: दगड नेहमी ओला घासायचा. कोरडा कधीही नाही, मिनिटभरासाठीही नाही. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, त्याची धूळ आणि हिरवं पाणी दोन्ही अपायकारक. त्याचं काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर करू नका, आणि झाल्यावर हात साबणानं धुवा. ओली पूड कपड्यांवर वाळली की तीच पुन्हा हवेत उडते, तेव्हा ते कपडे झटकू नका, भिजवून धुवा.

पॉलिश झालेला मऊ दगड सांभाळायचाही असतो. अकिकाच्या खड्यांबरोबर एका डबीत ठेवला तर तो महिनाभरात ओरखड्यांनी भरतो. संगमरवराला आणि कॅल्साइटला लिंबाचा थेंब लागला तरी तेवढ्या जागेची चमक उतरते. तेच मोत्याचं आणि पोवळ्याचं. फ्लोराइट गरम पाण्यात टाकू नका, एकदम तापला की तो तडकतो, आणि काही फ्लोराइटचा रंग उन्हात फिका पडतो.

ज्यांना सुरुवात करायची आहे, त्यांनी आजच यंत्र मागवण्याची घाई करू नये. फरशीच्या दुकानात जा आणि पांढऱ्या संगमरवराचा टाकाऊ तुकडा मागा. तो बहुधा फुकटच मिळतो. वॉटर पेपरचे सहा नंबर घ्या. पाण्याचं पातेलं समोर ठेवून सुट्टीच्या दुपारी बसा, आणि 600 नंबरवर अजिबात घाई करू नका. बहुतेक लोकांचं काम तिथेच बिघडतं.