जुन्या ध्वनिफिती व त्यांतील वाणी
(प्रताप नगर, नागपूर येथील ज्ञातिसंमेलनात केलेले भाषण)



आपल्या ज्ञातीचा इतिहास लिहावा, अशी सूचना दर संमेलनात येते व टाळ्यांच्या गजरात संमतही होते. परंतु त्या इतिहासाचा बराच भाग घरोघरी माळ्यावर, बिस्किटांच्या डब्यांत पडून आहे, इकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो. फिलिप्स कंपनीने १९६३ साली कॅसेट प्रथम पुढे आणली. १९८० नंतर ती आपल्यासारख्या मध्यम स्थितीतील कुटुंबांत शिरली. घरच्या आजींनी म्हटलेली हळदीची गाणी, जात्यावरच्या ओव्या, वडील मंडळींनी सांगितलेल्या गाव सोडल्याच्या हकीगती तिच्यावर उतरल्या. ही वाणी आज फितीखेरीज अन्यत्र उरलेली नाही.

फीत म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ पट्टीवर चुंबकीय कणांचा लेप. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. माळ्यावरची गोष्ट तर विचारूच नये. तेथून उतरवून कूलरच्या खोलीत ठेवावी, तर दमट हवेने बुरशीचे भय. (कूलर माणसांसाठी आहे, कॅसेटींसाठी नव्हे.)

आता संगणकात ध्वनी उतरविण्याविषयी. चांगला ध्वनी संगणकात निर्माण होतो, हा समज सर्वत्र आढळतो व तो खोटा आहे. तो वाजविणाऱ्या यंत्राच्या हेडपाशीच मिळवावा लागतो. फीत सेकंदास सुमारे पावणेपाच सेंटिमीटर सरकते. हेडमधील बारीक फट ज्या कोनात मुद्रण झाले त्याच कोनात नसेल, तर वरचे स्वर बोथट होतात आणि 'स' व 'श' यांची धार जाते. घरगुती टेपरेकॉर्डरांचे कोन तर बहुधा निरनिराळेच असत. यास्तव हेडच्या बाजूचा लहानसा स्क्रू प्रत्येक कॅसेटीसाठी किंचित फिरवून, आवाज सर्वांत मोकळा होईल तेथे थांबावे. एवढे श्रम घाऊक भावाने कॅसेटी उतरवून देणारा दुकानदार घेत नाही. तत्पूर्वी हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे, कॅसेटीमागील दोन्ही इवल्या पट्ट्या तोडाव्यात, म्हणजे चुकून वर दुसरे मुद्रण होणार नाही, आणि फीत एकदा पुढे-मागे गुंडाळून घ्यावी.

मूळ प्रत एमपीथ्रीत करू नये. त्यात कमी जागेसाठी ध्वनीचा काही अंश कायमचा टाकून दिला जातो. २४ बिट व ९६ किलोहर्ट्झ या मापाची वेव्ह फाइल करावी. साठ मिनिटांच्या कॅसेटीस सुमारे दोन गिगाबाइट जागा लागते, जी आज स्वस्त आहे. फितीची खरखर काढण्याचा मोह अनेकांस होतो. ती काढताना गाणाऱ्या बाईचा श्वास, बांगड्यांचा नादही पुसला जातो. म्हणून साफसफाई करावयाची ती दुसऱ्या प्रतीवर. मूळ प्रतीस हात लावू नये.

पुण्याच्या हेमा रायरकर व गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेने त्या लोकांसमोर आणल्या. आम्हांस त्यात विशेष वाटते ते हे की, गाणारीचे नाव व गावही तेथे जपले आहे. आमच्या कॅसेटींवर 'लग्न' आणि साल, याहून काय लिहिलेले असते? फीत कदाचित आणखी दहा वर्षे तग धरील. तिच्यातील आवाज ओळखणारी माणसे तितकी थांबतील, असा भरवसा आम्हांस नाही.

मंडळाने एक जुना परंतु दुरुस्त केलेला चांगला डेक घ्यावा आणि तयार प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी, त्यांतील एक नागपूरबाहेर, ठेवाव्यात, अशी आमची सूचना आहे. कॅसेट घेऊन येणाऱ्यांनी घरातील एका वडील माणसासही सोबत आणावे. कोण गात आहे, ते त्यांच्याच तोंडून त्याच दिवशी मुद्रित करून घेता येईल.