पिचावरमचे कांदळवन आणि आपण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगी वक्त्याने संस्थेच्या गतकालाचा गौरव करावा, असा प्रघात आहे. ते कार्य आमच्याहून अधिकारी अशा मंडळींनी या व्याख्यानमालेत उत्तम रीतीने पार पाडले आहे. म्हणून आम्ही आज निराळा विषय निवडला. ज्या तमिळ भूमीने आपणां सर्वांना अन्न दिले, शेजार दिला, तिच्या किनाऱ्यावरील एका वनाचा आणि ते वन पुन्हा उभे करणाऱ्या माणसांचा परिचय करून द्यावा, असा आमचा मानस आहे.

चिदंबरमला नटराजाच्या दर्शनास आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आले असतील. त्या क्षेत्राचे जुने नाव तिल्लै. तिल्लै हे मुळात एका झाडाचे नाव. आपल्या कोकणच्या खाड्यांत त्याला गेवा म्हणतात. त्याचा पांढरा चीक डोळ्यांत गेला तर दृष्टीवर बेतते, म्हणून लोक त्याच्यापासून चार हात दूर राहतात. तमिळ भाविकाने मात्र त्यालाच क्षेत्राचा स्थलवृक्ष मानले. आज हे वन पाहावयाचे तर देवळापासून सुमारे १५ किलोमीटरवर, समुद्राच्या बाजूस पिचावरमला जावे लागते. उत्तरेस वेल्लार आणि दक्षिणेस कोळ्ळिडम या नद्यांच्या मुखांमधला हा खाड्यांचा व लहान लहान बेटांचा प्रदेश. याच कोळ्ळिडमच्या काठी, पुष्कळ वरच्या अंगाला, १६७७ साली शिवछत्रपतींचा तळ पडला होता आणि व्यंकोजीराजांशी त्यांची भेट झाली होती. तेव्हा या पाण्याशी आपले नाते अगदीच नवे नाही.

या वनाची दुर्दशा कशी झाली, ते समजून घेणे अगत्याचे आहे. इंग्रजी अमदानीपासून १९७०च्या दशकापर्यंत येथे कूपपद्धतीने तोड होत असे. वनाचे पट्टे पाडावयाचे आणि पाळीपाळीने एकेक पट्टा साफ तोडावयाचा. तोडलेला पट्टा कालांतराने आपोआप भरून येईल, हा हिशेब. डोंगरावरील काही वनांत तो खरा ठरतो; खाडीत तो चुकला. झाडे गेल्यावर उघड्या पडलेल्या चिखलावर ऊन पडू लागले, ओल आटली, माती आवळून खाली बसली आणि जमीन मध्ये खोलगट झाली. भरतीचे पाणी त्या खोलगटात शिरे, पण ओहोटीबरोबर बाहेर पडत नसे. ते तेथेच आटे आणि मीठ मागे ठेवी. पुढेपुढे माती इतकी खारट झाली की, खाऱ्या पाण्यात जगणारी तिवरसुद्धा तेथे तग धरीना. दोष मात्र बरीच वर्षे गावकऱ्यांच्या गुरांवर आणि सरपणाच्या मोळ्यांवर टाकला जात होता.

डॉ. एम. एस. स्वामिनाथन यांच्या नावाने १९८८ साली चेन्नईत स्थापन झालेल्या संशोधन प्रतिष्ठानाने १९९०च्या दशकात या प्रश्नात लक्ष घातले. वनखाते आणि गावकरी यांना बरोबर घेऊन त्यांनी रोगाचे मूळ शोधले व त्यावरून उपाय ठरविला. उपाय ऐकावयास साधा आहे. नैसर्गिक खाडीपासून एक मुख्य चर खणावयाचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी तिरके उपचर जोडावयाचे. वरून पाहिले तर माशाच्या काट्याची आकृती दिसते. या चरांतून भरती आत येते आणि ओहोटीबरोबर पाणी परत जाते. येताजाता ते मातीतील मीठ धुऊन नेते. मग चरांच्या उतारावर तिवर लावावयाची. भरती-ओहोटीला वाट मोकळी झाली की पुष्कळसे काम समुद्रच करतो.

परंतु चर खणणार कोण, आणि त्यांतला गाळ काढीत राहणार कोण? खरा प्रश्न येथेच होता. त्यासाठी गावोगाव समित्या स्थापन झाल्या. त्यांत स्त्रियांना व पुरुषांना सारखेच स्थान मिळाले. या वस्त्यांत इरुळर जमातीची माणसेही होती. खाडीच्या चिखलात हातांनी चाचपडून कोळंबी पकडणारे हे लोक. कोणत्या वळणावर पाणी तुंबते, हे त्यांना नकाशावाचून ठाऊक होते.

२६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली. या कडलूर जिल्ह्यात झाडांच्या आडोशाला असलेल्या गावांची हानी कमी झाली, असा निष्कर्ष २००५ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यावर काही शास्त्रज्ञांनी आक्षेपही घेतला. गाव समुद्रापासून किती दूर आणि किती उंचावर आहे, याचाही वाटा मोठा असतो, असे त्यांचे म्हणणे. आम्हांला दोन्ही बाजू ऐकणे योग्य वाटते. वनाची थोरवी केवळ एका लाटेवर अवलंबून नाही. माशांची व कोळंबीची पिले या मुळांच्या जाळ्यात वाढतात. पाणमांजरे, बगळे, करकोचे आणि हिवाळी पाहुणे पक्षी त्यांवर जगतात. आणि त्याच पाण्यावर कोळ्याची चूलही पेटते. २०२२ साली पिचावरमचा समावेश रामसर पाणथळींच्या यादीत झाला, तो या सर्व जीवसृष्टीसाठी.

सरकारी चाकरीत आयुष्य घालविल्यामुळे आम्हांला एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. वृक्षारोपणाच्या अहवालात लावलेल्या रोपांचा आकडा असतो; जगलेल्या रोपांचा क्वचित असतो. चुकीच्या जागी लाख रोपे लावण्यापेक्षा एक चर नीट खणणे अधिक मोलाचे, हे पिचावरमने दाखविले. दुसरे असे की, प्रकल्पाची मुदत संपते, अनुदान संपते. गाळ मात्र दरवर्षी येतच राहतो. गाळ उपसणाऱ्या हाताला त्या वनात काही हक्क आणि चार पैशांची प्राप्ती राहिली, तरच तो हात पुढील वर्षी कुदळ उचलील. नुसत्या उपदेशाने ते होत नाही.

आपल्या कोकणातही हाच अनुभव आहे. वेळासच्या किनाऱ्यावर चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने २००२ साली समुद्री कासवांच्या रक्षणाचे काम हाती घेतले, ते गावकऱ्यांच्या साहाय्यानेच. पुढे कासवांची पिले पाहण्यास पाहुणे येऊ लागले आणि गावातील घरांना त्यापासून उत्पन्न मिळू लागले. २०१२ साली महाराष्ट्र शासनाने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापिला. कायदा हवा, कक्षही हवा; पण राखण गावानेच करावी लागते.

परप्रांती राहणाऱ्या माणसाला कधीकधी वाटते की, येथल्या नदीशी, खाडीशी आपला काय संबंध? पन्नास वर्षे ज्या पाण्यावर हे मंडळ वाढले, त्याच्याविषयी असे म्हणणे शोभत नाही. आमची विनंती एवढीच : मंडळाची सहल यापुढे चिदंबरमला जाईल तेव्हा देवदर्शन झाल्यावर एक दिवस पिचावरमसाठी राखून ठेवावा. तमिळ उत्तम बोलणारी आपली मुले पुढे घालावीत आणि तेथील माणसांकडून ही हकीकत त्यांच्याच तोंडून ऐकावी. कोणत्या चरात यंदा गाळ साचला आहे, तेही विचारावे. आणि मंडळाच्या हातून काही साह्य होण्यासारखे असेल तर ते त्या गाळासाठी व्हावे.