बनी तो बनी: पॉवर चिप बदलली आणि बोर्ड उठेना

आजचा एपिसोड परभणीतून, घरच्याच टेबलावरून. मागं पंख्याचा आवाज येईल, सांभाळून घ्या.

गोष्ट २०२१ची. चिपांचा दुष्काळ पडला होता. आमची टीम शेतातल्या पंपाचा कंट्रोलर बनवत होती. प्रोसेसर एनएक्सपीचा, आय.एमएक्स ८एम मिनी. त्याच्या शेजारी लागते पॉवर मॅनेजमेंट चिप, म्हणजे पीएमआयसी. आम्ही जपानच्या रोहम कंपनीची बीडी७१८४७ वापरायचो. ती मिळेनाशी झाली, म्हणून बोर्डाची नवी आवृत्ती काढून त्यावर एनएक्सपीचीच पीसीए९४५०ए बसवली.

पीएमआयसीचं काम काय? जायकवाडीच्या कालव्याचं पाणी कसं पाळीनं सोडतात, तसं ही चिप वेगवेगळे व्होल्टेज ठरल्या क्रमानं सोडते. सगळे आले की मग प्रोसेसरचा रीसेट सोडते. क्रम किंवा व्होल्टेज चुकलं की बोर्ड उठत नाही.

नवे पाच बोर्ड घरी आले. लाइट लागला, स्क्रीन काळी. पाचही तसेच. आमचे हार्डवेअरवाले सर फोनवर म्हणाले, "प्रोसेसर गेलेत रे, काढून नवे बसवावे लागतील." तेव्हा प्रोसेसरसुद्धा सहज मिळत नव्हते. म्हटलं, सर, एक रात्र द्या.

आधी मल्टिमीटर. नुसता ५ व्होल्ट बघून उपयोग नाही, पीएमआयसीतून निघणारी प्रत्येक लाइन मोजायची. पहिल्या बोर्डावर सगळ्या हजर. मग बूट स्विच यूएसबी डाउनलोडवर टाकला आणि केबल लॅपटॉपला लावली. एनएक्सपीचं डिव्हाइस दिसलं! प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातूनच एक छोटा प्रोग्राम येतो, बूट रॉम. तो यूएसबीवर बोलतोय म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे. तो काढायचा नाही.

मग सिरीयल वायर जोडली, जी खरं तर पहिल्याच मिनिटाला जोडायला हवी होती. यू-बूटची पहिली ओळ आली, आणि मेमरी ट्रेनिंगपाशी सगळं थांबलं.

आता गंमत बघा. मेमरी फुल स्पीडनं चालवायची तर त्याआधी सॉफ्टवेअरनं पीएमआयसीला सांगून मेमरी कंट्रोलरचं व्होल्टेज वाढवावं लागतं. एनएक्सपीच्या नमुना कोडमध्ये ते ०.९७५ व्होल्ट आहे. हा निरोप आयटूसीवरून जातो. जुन्या चिपचा पत्ता हेक्समध्ये ४बी, नवीचा २५. आमचा कोड अजून ४बीचंच दार वाजवत होता. तिथं राहतंय कोण? व्होल्टेज वाढलंच नाही, मेमरी उठली नाही.

म्हणजे चूक माझीच. चिप बदलली हे मला माहीत होतं, पण मी फक्त लिनक्सचा डिव्हाइस ट्री बदलला आणि यू-बूट विसरलो. नुसता पत्ता बदलूनही भागत नाही, कारण दोन्ही चिपांचे रजिस्टर वेगळे. ड्रायव्हरही बदलावा लागला. पहाटे तीनला लॉगिन आलं. आई उठून म्हणाली, "अजून जागाच का रे?"

मोबाइल रिपेअर करणाऱ्या मित्रांनो, तुमच्याकडेही हेच. क्वालकॉमच्या फोनची पॉवर चिप बदलली आणि फोन मेलेला वाटला, तर कॉम्प्युटरला लावून बघा. ९००८ नावाचा पोर्ट दिसला तर प्रोसेसर श्वास घेतोय. आणि चिपच्या नंबरचं शेवटचं अक्षरसुद्धा वाचा. पीसीए९४५०ए ८एम मिनीसाठी, पीसीए९४५०सी ८एम प्लससाठी. दिसायला बहिणी, पण आतली मांडणी वेगळी. चुकीची बसवून थेट बॅटरी जोडली तर प्रोसेसर खरोखर जळू शकतो. म्हणून पहिल्यांदा लॅब सप्लायवर, करंटला मर्यादा घालूनच चालू करा. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' हे इथं चालत नाही, भाऊ!

नवा कोड टाकल्यावर चार बोर्ड उठले. पाचवा यूएसबीवरसुद्धा दिसला नाही. त्यात एक व्होल्टेज येतच नव्हतं, पीएमआयसीखालचं सोल्डर नीट बसलं नव्हतं. तो सरांकडे परत पाठवला.