इंग्रजी वाक्यातील शब्दक्रम



महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजीचा आरंभ होतो. पुढे मूल ‘राम मँगो ईट्स’ असे लिहिते आणि वहीत तांबडी रेघ उमटते. वस्तुतः ही चूक निष्काळजीपणाची नव्हे. तेथे मातृभाषेचा नियमच बोलत असतो. मराठीत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते, इंग्रजीत ते कर्माच्या आधी येते.

‘रामाने वाघाला मारले’ आणि ‘वाघाला रामाने मारले’ या दोन्ही वाक्यांत मारणारा रामच, कारण अर्थ प्रत्यय सांभाळतात. ‘राम किल्ड द टायगर’ या वाक्यात मात्र दोन नामांची अदलाबदल होताच वाघ रामाला मारतो! इंग्रजीत अर्थ जागेवर अवलंबून असतो. ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारीशेजारी मांडावीत. मुले हसतील आणि नियम ध्यानात ठेवतील.

वही तपासताना एका वेळी एकाच प्रकारच्या चुका दाखवाव्यात. या आठवड्यात शब्दक्रम, पुढील आठवड्यात मोठी अक्षरे. तांबड्या रेघांनी भरलेली वही पाहून मूल लिहिणेच सोडते. आणि जे लिहीतच नाही, त्याचे लेखन सुधारावे तरी कसे?